ग्यूटरस्लोचं वॉशिंग मशीन पोलंडला जातं: मीले कंपनीच्या एका निर्णयाचा अभ्यास

फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या ग्यूटरस्लो शहरात मीले कंपनीच्या कामगारांना सांगण्यात आलं, की घरगुती वॉशिंग मशीनची जुळणी 2027 पर्यंत टप्प्याटप्प्याने पोलंडला हलवली जाईल. नुसत्या त्या कामावर 700 जणांची रोजीरोटी होती. शिवाय जगभरातल्या कचेऱ्या आणि कारखाने मिळून आणखी 2,000 पर्यंत जागा कमी करायच्या होत्या. कंपनीत तेव्हा एकूण 23,000 च्या आसपास माणसं होती, म्हणजे साधारण दर नवव्या माणसाच्या पोटावर हा प्रश्न येऊन बसला.

असे निर्णय मोठ्या कंपन्या घेतच असतात. पण मीले शेअर बाजारात नाही. ती सव्वाशे वर्षं दोन घराण्यांच्या हातात आहे, आणि ‘आम्ही तिमाहीचे नाही, पिढीचे आकडे बघतो’ या वृत्तीसाठी ओळखली जाते. तिच्यावरही ही वेळ का आली, आणि हा निर्णय खरोखर कधी झाला, हे या लेखात तपासलं आहे. संस्थापक सोडले तर कुणाही मालकाचं, अधिकाऱ्याचं किंवा कामगाराचं नाव घेतलेलं नाही. इथे माणसांचा न्याय करायचा नाही, निर्णय समजून घ्यायचा आहे.

पार्श्वभूमी

1 जुलै 1899 रोजी वेस्टफालिया भागातल्या हेर्त्सेब्रोक गावात कार्ल मीले आणि राइनहार्ड त्सिंकान या दोघांनी भागीदारीत धंदा सुरू केला. एक यंत्रात रमणारा, दुसरा व्यापारात मुरलेला. हाताशी 11 कामगार, चार लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. आसपास दूधदुभत्याचा मुलूख, म्हणून पहिला माल होता दुधातली साय वेगळी काढणारं यंत्र. पाठोपाठ लोणी काढायचं यंत्र आलं.

वॉशिंग मशीनचा उगम या लोण्याच्या यंत्रात आहे. लाकडी पिंप, आत फिरणारा दांडा, वरून हाताने फिरवायची यंत्रणा. ताक घुसळणारी रवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. दही घुसळता येतं तर साबणाच्या पाण्यात कपडेही घुसळता येतील, या साध्या विचारातून नव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पहिली लाकडी धुण्याची यंत्रं तयार झाली. 1907 मध्ये कारखाना जवळच्या ग्यूटरस्लोला आला आणि कंपनीचं मुख्यालय तेव्हापासून तिथेच आहे. आपल्या मालावर ही मंडळी दोन शब्द लिहीत: ‘इम्मर बेसर’, म्हणजे नेहमी आणखी चांगलं. ते शब्द अजूनही चालू आहेत.

1912 ते 1914 या काळात मीलेने मोटारगाड्या बनवल्या. एकूण 143. गाड्यांचा दर्जा वाईट होता म्हणून ते काम थांबलं असं नव्हे. मोटार हा भांडवल गिळणारा धंदा होता, आणि त्यात खोल उतरायचं तर बाकीचं सगळं पणाला लागलं असतं. दोघा भागीदारांनी हात आखडता घेतला आणि घरगुती व दुग्धव्यवसायाच्या यंत्रांवर लक्ष ठेवलं. ज्या भागीदारीत एकाच्या हौसेला दुसरा वेळीच आवर घालू शकतो ती टिकते. माझ्या मते कंपनीच्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा नकार आहे. 2024 चा निर्णय वाचताना तो आठवत राहतो, कारण दोन्ही वेळी प्रश्न एकच होता: आपण नक्की कशासाठी आहोत आणि काय सोडायला तयार आहोत?

पुढची यादी लांबलचक आहे. सायकली, व्हॅक्यूम क्लीनर, 1929 मध्ये विजेवर चालणारं डिशवॉशर, युद्धोत्तर काळात मोपेड आणि मोटारसायकली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतून युद्धसामग्री निघाली आणि सक्तीने आणलेले मजूर राबवले गेले. कंपनीचा गौरवशाली इतिहास सांगताना हे पान उलटून पुढे जाणं योग्य नाही, म्हणून ते इथे नोंदवलं आहे. 1956 मध्ये पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन आलं, 1978 मध्ये मायक्रोप्रोसेसरवर चालणारी यंत्रं. दुचाक्या मागे पडल्या, धुणं आणि स्वयंपाकघर उरलं.

मीलेच्या वॉशिंग मशीनची चाचणी 10,000 तासांच्या हिशेबाने होते. आठवड्यातून पाच वेळा कपडे धुतले आणि दर वेळी दोन तासांच्या आसपास लागले, तर वर्षाला 500 हून थोडे जास्त तास होतात. म्हणजे 20 वर्षं. या आकड्यातच कंपनीची कीर्ती आहे आणि अडचणही.

दोन घराणी, एक तराजू

मालकीची वाटणी आजही 51.1 टक्के मीले घराण्याकडे आणि 48.9 टक्के त्सिंकान घराण्याकडे अशी आहे. चार पिढ्यांत फांद्या फुटून भागधारक नातेवाईक 80 च्या वर गेले आहेत. आपल्याकडे तिसऱ्या पिढीत चुलत भावंडांच्या वाटण्या सुरू होतात आणि पेढीच्या पाटीवरचं आडनाव तेवढं सामाईक उरतं. भाऊबंदकी हा शब्द आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. इथे ती टळली, ती मायेमुळे टळली असं मला वाटत नाही. ती रचनेमुळे टळली.

कारभारात दोन्ही घराण्यांचा एकेक प्रतिनिधी आणि त्यांच्या जोडीला बाहेरचे, नात्यात नसलेले संचालक असतात. घराण्यातल्या कुणाला या खुर्चीवर बसायचं असेल तर आधी शिक्षण, मग दुसऱ्या कंपनीत काही वर्षं नोकरी, आणि त्यानंतर कसून निवड. जन्म हा अर्ज करायचा अधिकार देतो, नेमणुकीचा नाही. 51 आणि 49 अशी तफावत कागदावर असली तरी एका घराण्याने दुसऱ्याला मतांनी चिरडायचं नाही, असा प्रघात आहे.

याचा फायदा असा, की कुणी विकून मोकळा होत नाही आणि नफ्याचा मोठा हिस्सा धंद्यातच राहतो. तोटा असा, की अवघड निर्णयाला सगळ्यांची मान हलेपर्यंत थांबावं लागतं. या प्रकरणात फायदा आणि तोटा दोन्ही दिसतात.

अडचण

करोनाच्या काळात युरोपातली माणसं घरात बसली, प्रवासाचे पैसे वाचले आणि ते स्वयंपाकघरात आणि धुण्याच्या खोलीत खर्च झाले. मीलेची उलाढाल 2020 मध्ये साधारण 4.5 अब्ज युरो होती, ती 2021 मध्ये 4.84 आणि 2022 मध्ये 5.43 अब्ज युरोवर गेली. सुट्या भागांची, विशेषतः चिपची, टंचाई असल्याने मागणी पुरी करणं हीच त्या वेळची डोकेदुखी होती. तेजी म्हणजे भरती की पूर, हे भर पाण्यात उभं राहून ओळखणं कठीण असतं.

2023 मध्ये पाणी ओसरलं. उलाढाल सुमारे 9 टक्क्यांनी घसरून 4.96 अब्ज युरोवर आली. दरम्यान किमती वाढवलेल्या होत्या, त्यामुळे विकल्या गेलेल्या नगांतली घट त्याहून जास्त होती. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर वीज, गॅस आणि पोलाद महागलं, व्याजदर चढले, घरबांधणी मंदावली. नवं घर नाही तर नवं स्वयंपाकघर नाही.

मीलेला याचा फटका इतरांहून खोल बसला, आणि त्याचं कारण 20 वर्षांच्या त्या आकड्यात आहे. ज्याने 2021 मध्ये मीलेचं मशीन घेतलं तो 2041 पर्यंत दुकानात फिरकणार नाही. सात-आठ वर्षांत बिघडणारा माल विकणाऱ्याकडे जुनं गिऱ्हाईक लवकर परत येतं. टिकाऊ माल विकणाऱ्याला दर वर्षी नवं गिऱ्हाईक शोधावं लागतं. करोनाच्या तेजीत पुढच्या कित्येक वर्षांची खरेदी आधीच उरकली गेली होती. कंपनीने स्वतः सांगितलं, की ही तात्पुरती मंदी नसून परिस्थितीच कायमची बदलली आहे. 2026 अखेरपर्यंत 50 कोटी युरोंची तोंडमिळवणी करायची, खर्च घटवून आणि उत्पन्न वाढवून, असं उद्दिष्ट ठरलं.

समोरचे पर्याय

कुठलाही मालक अशा जागी उभा राहिला तर त्याच्यासमोर चार-पाच वाटा दिसतात.

किंमत आणखी वाढवायची. ही वाट 2022-23 मध्ये वापरून झाली होती. मीलेचं मशीन आधीच बाजारातल्या साध्या मशीनच्या दुपटी-तिपटीला जातं. वीस वर्षांचा हिशेब मांडून दाखवला तरी ज्याच्या हातात आज पैसे नाहीत त्याला तो हिशेब उपयोगी पडत नाही.

दर्जा थोडा सैल करायचा. मशीन हलू नये म्हणून आत बसवलेल्या वजनदार ओतीव लोखंडाच्या जागी काँक्रीट, दहाऐवजी सहा हजार तासांची चाचणी. खर्च लगेच उतरतो आणि पाच-सहा वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. ही वाट न घेणं हे मी या प्रकरणातलं सर्वांत चांगलं पाऊल मानतो. कामगारांवर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवं, की नावच बुडालं असतं तर ग्यूटरस्लोत काहीच उरलं नसतं.

बाहेरचं भांडवल आणायचं किंवा विकून टाकायचं. त्याच सुमाराला, 2023 मध्ये, फीसमान या हीटिंग व्यवसायातल्या जर्मन घराण्याने आपला मुख्य व्यवसाय 12 अब्ज युरोंना अमेरिकेच्या कॅरियर कंपनीला विकला होता. मीलेसारख्यांसाठी हा घरासमोर घडलेला प्रसंग होता. दोन्ही घराण्यांनी ती दिशा धरली नाही.

ग्यूटरस्लोतच नवी यंत्रसामग्री घालून खर्च उतरवायचा. कामगार संघटनेला अर्थातच ही वाट हवी होती. पण नगांची संख्या घटत असताना दोन देशांत दोन कारखाने अर्धेमुर्धे चालवणं, हा खर्च यंत्रसामग्रीने भरून निघणारा नव्हता.

आणि शेवटची वाट: सगळी जुळणी एका जागी आणायची, जिथे मजुरी कमी आहे.

निर्णय खरा कधी झाला

फेब्रुवारी 2024 हा घोषणेचा महिना आहे. निर्णयाचा महिना माझ्या मते तो नाही.

पोलंडमध्ये वूच शहराजवळ क्सावेरूफ या गावी मीलेने वॉशिंग मशीनचा नवा कारखाना उभारला आणि 2020 मध्ये तो सुरू झाला. तोवर मीलेचं वॉशिंग मशीन म्हणजे ग्यूटरस्लो असं समीकरण होतं. नव्या कारखान्याची मांडणी वाढ सामावण्यासाठी आहे, तिथे सुरुवातीच्या किमतीतली मशीनं होतील, असा सूर होता. 2019 मध्येच जगभरात हजारभर जागा कमी करण्याचा एक कार्यक्रमही जाहीर झालेला होता. चेक प्रजासत्ताकात उनिचोव्ह इथे कंपनीचा कारखाना त्याच्याही आधीपासून चालू होता. म्हणजे पूर्वेकडची वाट पायाखालची होती.

एकाच मालाचे दोन कारखाने उभे राहिले, की दर महिन्याला दोघांचा ताळेबंद शेजारी-शेजारी ठेवला जातो. ग्यूटरस्लोचा तास आणि क्सावेरूफचा तास यांची तुलना त्या दिवसापासून अटळ झाली. बाजार वाढता होता तोवर कुणाला बोट दाखवायची गरज नव्हती. 2020 ते 2022 च्या तेजीने हा प्रश्न झाकून ठेवला, आणि नग घटताच तो उघडा पडला. दुसऱ्या कारखान्याचा पाया घातला तेव्हाच पहिल्या कारखान्याला ‘तू कशासाठी उरणार?’ हे विचारायला हवं होतं. ते विचारलं गेलं 2024 मध्ये, जेव्हा उत्तर एकच उरलं होतं.

काय केलं

घोषणेनंतर ग्यूटरस्लोत निदर्शनं झाली. इगे मेटाल ही धातुउद्योगातली बलाढ्य कामगार संघटना आणि कंपनीतली कामगार परिषद वाटाघाटींना बसल्या. जर्मनीत कामगार परिषदेला कायद्याचं पाठबळ आहे, तिला वगळून अशी कपात रेटता येत नाही.

2024 च्या उन्हाळ्यात तडजोड झाली. जुळणी पोलंडला जाणार, हे कायम राहिलं. जर्मनीतल्या सुमारे 1,300 जागा कमी होणार, पण 2028 पर्यंत आर्थिक कारणाने कुणालाही सक्तीने काढायचं नाही. स्वेच्छेने जाणाऱ्यांना भरपाई, निवृत्तीजवळ आलेल्यांना लवकर सुटका, बाकीच्यांना इतर विभागांत जागा. आणि त्याच मुदतीत कंपनी जर्मनीतल्या कारखान्यांत सुमारे 50 कोटी युरो गुंतवणार.

हे किती वेगळं आहे ते पाहायचं तर न्यूर्नबर्गकडे पाहावं. तिथे एईजीच्या नावाने वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर बनवणारा जुना कारखाना होता, मालकी स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सची. 2005 च्या अखेरीस तो बंद करून काम पोलंडला नेण्याची घोषणा झाली. 1,700 च्या आसपास कामगार होते. 2006 च्या सुरुवातीला कित्येक आठवडे संप चालला, एईजीच्या मालावर बहिष्काराची हाक दिली गेली, आणि 2007 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. दिशा तीच, देशही तोच. मीलेत मात्र मालक त्याच शहरात राहतो, बेकरीच्या रांगेत त्याला आपल्या कामगाराची बायको भेटते. या जवळिकीने 700 नोकऱ्या वाचल्या नाहीत. तीन-चार वर्षांचा अवधी मात्र मिळाला, आणि पन्नाशीतल्या माणसाला तो अवधी फार मोठा असतो.

निष्पत्ती

2024 ची उलाढाल 5 अब्ज युरोंच्या जरा वर गेली, म्हणजे घसरण थांबली. त्याच वर्षी अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ओपेलायका इथे कंपनीने स्वयंपाकघरातल्या यंत्रांचा नवा कारखाना सुरू केला. रुग्णालयातली उपकरणं धुणाऱ्या आणि निर्जंतुक करणाऱ्या यंत्रांचा व्यवसायही वाढवला गेला. तिथलं गिऱ्हाईक नवं स्वयंपाकघर बांधायची वाट पाहत नाही. मालकी आहे तशीच आहे, त्याच दोन घराण्यांकडे.

हिशेबाच्या वहीपुरतं पाहिलं तर निर्णय फळाला येतो आहे. शहराच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं आहे. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच फाटकातून कामाला गेलेली घरं ग्यूटरस्लोत आहेत, आणि घरगुती मशीनची जुळणी तिथून निघून जाते आहे. मुख्यालय, संशोधन आणि इतर कामं तिथेच राहणार आहेत, पण संशोधकाची जागा लाइनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला मिळत नाही. हा भार कोण उचलतं, हे आकड्यांत दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, दुसरा कारखाना उभारतानाच पहिल्याचं काम लिहून ठेवायचं. ‘ग्यूटरस्लोत व्यावसायिक धुलाईची आणि सर्वांत वरच्या श्रेणीची मशीनं होतील, पोलंडमध्ये बाकीची, आणि नगांची संख्या अमुकच्या खाली गेली तर आपण पुन्हा बसू.’ असा करार 2017-18 च्या सुमाराला, चांगल्या दिवसांत झाला असता तर कामगारांना सात-आठ वर्षं मिळाली असती. तरुणांनी दुसरं कसब शिकून घेतलं असतं. चांगल्या दिवसांत वाईट दिवसांचं बोलणं कुणालाच आवडत नाही, घराण्यांना तर नाहीच. सगळ्यांची मान हलवून घ्यायच्या रचनेत असे अप्रिय विषय पुढे ढकलले जातात.

दुसरं, तेजीचा अर्थ. 2021-22 मध्ये आलेल्या मागणीचा किती भाग भविष्यातून उसना घेतलेला आहे, हे मीलेला इतर कुणाहूनही चांगलं मोजता आलं असतं, कारण आपलं मशीन किती वर्षं टिकतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. विकलेल्या प्रत्येक मशीनबरोबर पुढची 20 वर्षं एक गिऱ्हाईक कमी होतं. हा हिशेब मांडला असता तर 2023 चा धक्का इतका अनपेक्षित ठरला नसता.

तिसरं, आणि याबद्दल मला सर्वांत जास्त वाटतं: टिकाऊपणातून उत्पन्न कसं काढायचं. वीस वर्षं चालणाऱ्या यंत्राची देखभाल, सुटे भाग, जुनं मशीन परत घेऊन नीट करून पुन्हा विकणं, मशीन न विकता भाड्याने देणं. मीले या दिशेने काही पावलं टाकते आहे, पण तिचं उत्पन्न अजून मुख्यतः नवं मशीन विकण्यावर उभं आहे. दुरुस्तीचं काम गिऱ्हाईकाच्या गावात, त्याच्या घरीच करावं लागतं, ते पोलंडला हलवता येत नाही. जुळणीच्या लाइनवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू माहीत असतो. त्या 700 जणांतल्या काहींसाठी हा रस्ता 2018 मध्येच बांधायला घेता आला असता.

दर्जाच्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ आहे. क्सावेरूफमधून बाहेर पडलेल्या पहिल्या मशीनांना 2040 मध्ये वीस वर्षं पुरी होतील, आणि ग्यूटरस्लोतून हलवलेल्या श्रेणींना त्याहून बऱ्याच उशिरा. तोवर ग्यूटरस्लोच्या जुन्या लाइनवरची शेवटची मशीनंही जर्मनीतल्या तळघरांमधून कपडे धूत असतील.